गाणं लिहायला लागायचंय? आधी तोंडात लिहा, वही नंतर

नवीन कोणी गाणी लिहायचं म्हणालं की बहुतेक वेळा बॅगेतून एक वही निघते. वहीत कविता असतात, बऱ्याचदा चांगल्या असतात, आणि तक्रार एकच असते की याला चाल बसत नाहीये हो. चाल बसत नाही कारण त्या ओळी डोळ्यांसाठी लिहिल्यात. वाचणारा अडला तर परत मागे जाऊन वाचू शकतो, गाणं ऐकणाऱ्याला ओळ एकदाच मिळते आणि ती पण पेटी, तबला, गिटार, रिक्षाचा हॉर्न या सगळ्यातून वाट काढत येते. माझं पहिली तीन वर्षं हेच चाललं होतं, चाळीसेक कविता झाल्या आणि एकीचंही गाणं झालं नाही, मग एकदा चिपळूणहून पुण्याला येताना वही घरीच राहिली आणि एसटीत बसल्या बसल्या मुखडा, म्हणजे गाण्यात परत परत येणारी पहिली ओळ, झाला. लिहायला काही नव्हतंच, ओळ तोंडातल्या तोंडात घोळवत बसणं एवढंच करता येत होतं, म्हणून झाला.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती उतरवून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. गाणी आधी, कागद कितीतरी नंतर. गावोगावच्या जात्यावरच्या ओव्यांचं पण असंच आहे, हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांच्या टीमने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या बऱ्याच पारीच्या म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर फुकट ऐकायला मिळतात. सुरुवात करायच्या आधी तासभर त्या ऐका. एक बाई दोन ओळींत सासर, माहेर, भाऊ, रस्ता सगळं कसं बसवते ते कान देऊन ऐकलं की गाणं म्हणजे नेमकं काय ते आपोआप उमगायला लागतं.

तर पहिला नियम हाच, की पहिल्या ड्राफ्टसाठी वही उघडायची नाही. फोनमधला रेकॉर्डर चालू करायचा आणि चालायला जायचं, किंवा भांडी घासायची, किंवा गाडीवर असाल तर नुसतं पुटपुटायचं आणि पोचल्यावर रेकॉर्ड करायचं. चालण्याचा फायदा हा की पाय आपोआप ताल देतात.

विषय नको, वाक्य शोधा

"प्रेमावर लिहितोय", "आईवर लिहितोय" इथून सुरुवात केली की गाणं अडतं. विषय एवढा मोठा असतो की पहिलीच ओळ "आई तुझी माया सागर" अशी होते, आणि सागर आला की पाठोपाठ किनारा, लाटा, नाव, वादळ सगळे येतात, त्यात तुमची आई कुठेच नसते. त्याऐवजी कोणीतरी खरंच बोललेलं एक वाक्य शोधा. घरात, स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, किराणा दुकानात लोक कामाचं म्हणून जे बोलतात त्यात गाण्याचे मुखडे पडलेले असतात. "राहू दे, मी बघतो." "जेवलास का?" "अजून थोडं थांब ना." आठवडाभर फक्त अशी वाक्यं फोनमध्ये टाईप करून ठेवा, दुसरं काही करू नका. मी अजूनही करतो.

माझ्या त्या एसटीतल्या मुखड्याचं वाक्य होतं "पोचलास की फोन कर." बाबा दर वेळी खिडकीशी येऊन हेच म्हणतात, बाकी काही नाही. आख्खं नातं त्या चार शब्दांत आहे आणि त्यात माया हा शब्दच नाही. आता पुढे हेच गाणं घेऊन दाखवतो, म्हणजे नुसत्या सल्ल्यापेक्षा बरं पडेल.

टाळी वाजवा

तबला शिकायची गरज नाही पण दोन ताल अंगात असलेच पाहिजेत. केरवा आठ मात्रांचा म्हणजे आठ ठोक्यांचा, धा गे ना ती न क धि ना. दादरा सहा मात्रांचा, धा धी ना धा ती ना. तुमच्या डोक्यात असलेली बरीचशी भावगीतं, सिनेमातली गाणी, मंडळातली गाणी या दोनांत बसतात, भजनी ठेका पण आठचाच. यूट्यूबवर नुसता केरवा लूप लावला की अर्धा अर्धा तास वाजत राहतो, तो चालू ठेवून तुमचं वाक्य नुसतं बोला. गाऊ नका, बोला. पुन्हा पुन्हा बोलताना एका क्षणी ते स्वतःच ठेक्यावर चढतं, आणि चढलं नाही तर दादरा लावून बघा. काही वाक्यं जन्मतःच सहाची असतात, त्यांना आठात कोंबलं की ती अवघडतात.

आता मात्रा. शाळेत लघु-गुरू शिकलो होतो ते इथे खरंच कामाला येतं. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ अक्षर दोन, अनुस्वार असला तर दोन, जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते पण दोन. बास, सुरुवातीला एवढंच. "पोचलास की" मोजा: पो दोन, च एक, ला दोन, स एक, की दोन, झाले आठ, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन, आठ मात्रांची एक फेरी, बरोब्बर भरलं. "फोन कर" मोजा: फो दोन, न एक, क एक, र एक, पाच. म्हणजे दुसऱ्या आवर्तनात तीन मात्रा रिकाम्या राहिल्या. आणि तो "फो" येतो बरोब्बर दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर, "पोचलास की" म्हणून झालं आणि समेवर "फोऽन". हे मी ठरवलं नव्हतं हो, बाबांचं बोलणंच तसं आहे, मोजायला नंतर बसलो. आपली भाषा बोलतानाच लयीत असते आणि आपण कवितेच्या नादात ती लय मोडतो, म्हणूनच मी वाक्य शोधा म्हणतोय.

त्या रिकाम्या तीन मात्रांचं महत्त्व नवीन माणसाला पटत नाही. त्याला वाटतं जागा आहे तर शब्द भरू, "फोन कर बाळा", "फोन कर ना रे". भरू नका. गाणाऱ्याला श्वास तिथेच घ्यायचाय, आणि ऐकणाऱ्याला ते वाक्य तिथेच लागतं.

अंतरा : लांबून नको, जवळून बघा

मुखडा झाला की अंतरा, म्हणजे त्यानंतरचं कडवं, आणि खरी ओढाताण इथे होते. माझा पहिला अंतरा असा होता:

आठवणींचा पूर दाटला
मन हे माझे भरून येई
दूर दूर मी जाई तरीही
हृदयी बाबा तूच राही

मात्रा जवळपास बसतात, पण यात काही दिसत नाही. एसटी नाही, स्टँड नाही, बाबा नाहीत. आणि "येई", "जाई", "राही", "हृदयी" असं घरी कोण बोलतं? मुखडा घरातल्या मराठीत आणि अंतरा शंभर वर्षं जुन्या मराठीत, असं झालं की गाणं मधोमध फाटतं. पूर्वीच्या कवींनी "येई" लिहिलं कारण त्यांच्या काळच्या कवितेची ती भाषा होती, आपण लिहितो ते मात्रा भरायला.

मग मी स्वतःला विचारलं, त्या वेळी डोळ्यांसमोर नक्की काय होतं? बाबांचा हात खिडकीतून आत आला, माझ्या शर्टाच्या खिशात दोन नोटा कोंबल्या, गाडी हलली तरी ते सोबत चालत होते, काचेवर बोटं. एवढंच. तेच लिहिलं:

खिडकीमधनं हात आत अन्
खिशात कोंबुन नोटा दोन
गाडी हलली, बाबा चालत
बोटं अजुनी काचेवर
पोचलास की फोन कर

पहिली ओळ आठ अधिक आठ, सोळा. दुसरी आठ अधिक सात. तिसरी आठ-आठ. चौथी आठ आणि सहा, आणि मग मुखडा. दुसऱ्या ओळीत एक गंमत बघा. शुद्धलेखनाप्रमाणे "कोंबून" असतं, पण तसं गायलं की "खिशात कोंबून" नऊ मात्रांचं होतं आणि "नोटा"चा "नो" समेवरून एका मात्रेने सरकतो, गाताना पायात खडा आल्यासारखं वाटतं. "कोंबुन" केलं की आठ होतात आणि "नो" समेवर. बोलताना पण आपण ऱ्हस्वच म्हणतो. गाण्यात स्पेलिंगपेक्षा जीभ मोठी. तसंच "मधनं" आणि "बोटं" यातलं शेवटचं अक्षर बोलीत लांबतं म्हणून तिथे दोन धरायच्या. "अजुनी" मात्र जुनाच शब्द आहे, तो मी बरेच दिवस बदलायचा प्रयत्न केला, "अजून" घातलं की ठेका तुटतो, शेवटी ठेवला. एखादा असा चालतो, चार आले की नाही.

बोलीत लिहायला घाबरू नका हेही इथेच सांगतो. घरी मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी बोलत असाल तर पहिलं गाणं त्यातच लिहून बघा. आगरी-कोळी आणि अहिराणी गाणी लग्नात, हळदीत कुठल्या कुठे पोचतात, त्याचं मोठं कारण म्हणजे ती लोकांच्या तोंडात आधीपासूनच बसलेली असतात.

यमक

मराठीत यमक जुळवणं सोपं आहे आणि तोच धोका आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे जातो-येतो-खातो, गेली-आली-झाली, होते-नव्हते हे फुकटात जुळतं. कान मात्र दुसऱ्या ओळीलाच ओळखतो की पुढे काय येणार, आणि मग ऐकणं सोडून देतो. उपाय साधा आहे, क्रियापद ओळीच्या पोटात ढकला आणि शेवटी वस्तू आणा, जागा आणा, आकडा आणा. वरच्या अंतऱ्यात ओळी संपतात "दोन"वर आणि "काचेवर"वर. "दोन" आतल्या आत "फोन"शी जुळतं आणि "काचेवर" जुळतं "कर"शी, म्हणजे मुखड्यावर परत यायचा रस्ता तयार झाला. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीचं मुखड्याशी यमक असेल तर ऐकणारा स्वतःहून मुखडा म्हणायला लागतो, भजनात लोक ध्रुवपद उचलतात ना तसं. बाकी ओळी नाही जुळल्या तरी फारसं बिघडत नाही.

आणि यमकाचा कोश, यमक जुळवणारी ॲप्स वगैरे पहिल्या दहा गाण्यांत वापरू नका. त्यातून शब्द मिळतो, पण तो तुमच्या तोंडचा नसतो आणि ऐकताना लगेच कळतं.

कुठलं अक्षर लांबवता येतं

हे कोणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. चालीत लांब सूर येणार तिथे उघडा स्वर हवा. आ, ए, ओ. "फोऽऽन" कितीही लांबवा, तोंड उघडंच राहतं. तोच लांब सूर "खिशात" मधल्या "खि"वर टाका, ते "खीऽशात" होतं आणि शब्दच कळेनासा होतो. "पिशवी"ची "पीऽशवी", "मुलगा"चा "मूऽलगा" ही नवीन गाण्यांतली सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक आहे, आणि यात चाल लावणाऱ्याइतकीच शब्द लिहिणाऱ्याची पण जबाबदारी असते. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर येता कामा नये, एक तर शब्द बदला नाहीतर सूर सरकवा. वरच्या पट्टीतल्या टिपेच्या सुराला "ई" किंवा "ऊ" आला की नवशिक्या गायकाचा गळा आवळतो, तिथे "आ" दिलात तर तो तुम्हाला दुवा देईल.

पाठोपाठ येणारी कठीण अक्षरं पण तपासा. ट, ठ, ड, ण, ळ आपल्या भाषेची शान आहेत, लावणीत आणि पोवाड्यात ती कडकडून वाजलीच पाहिजेत, पण संथ गाण्यात एकाच ओळीत चार आली तर जीभ अडखळते. फास्ट करून तीनदा म्हणून बघा, अडखळली की ओळ बदलायची.

चाल : काळ्या पट्ट्यांची युक्ती

"मला संगीत येत नाही" म्हणून थांबू नका. कोणाकडून तरी पेटी किंवा छोटा कीबोर्ड आणा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली पहिली) सा धरलात तर पाच काळ्या पट्ट्यांचे सूर होतात सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. काळी एकला (दोनच्या गटातली पहिली) सा धरलात तर त्याच पाच पट्ट्यांतून सा रे म प ध मिळतात, म्हणजे दुर्गा राग. काळी दोनला सा धरा, कोमल गंधार आणि कोमल निषाद येतात, धानी रागाचे सूर, आणि तेच गाणं एकदम उदास वाटायला लागतं. पाचच सूर असल्यामुळे एकमेकांना टोचणारे सूर त्यात नसतातच, कुठूनही कुठेही गेलात तरी बरं वाटतं. माझी पहिली सहा गाणी अशीच झालीत. पेटीवर सा दाबून धरायचा आणि वाक्य बोलता बोलता हळूहळू गायला लागायचं. प्रश्न असेल तर आवाज शेवटी वर जातो, हुकूम असेल तर खाली येतो, बोलण्यातली ही चढ-उतार चालीत ठेवा. "फोन कर" हे माझ्या बाबांच्या बोलण्यात खाली येतं म्हणून माझ्या चालीत पण ते सा वर येऊन टेकतं. वर नेऊन बघितलं होतं, विनवणी वाटायला लागली, आणि बाबा विनवत नाहीत.

गिटारवाले असाल तर जी, डी, ई मायनर, सी या चार कॉर्डवर खूप काम होतं, एफचा बार कॉर्ड नंतर शिका. पण एक विनंती, कॉर्ड आधी आणि चाल नंतर असं करू नका. कॉर्ड वाजवत बसलं की हात ओळखीच्या वळणाने जातो आणि सगळी गाणी एकसारखी होतात. गिटार बाजूला ठेवून गुणगुणा, चाल पक्की झाली की मग कॉर्ड शोधा.

पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, स्वतःची निवडा. पुरुषांना साधारण काळी एक-काळी दोन आणि बायकांना काळी चार-काळी पाच सोयीची पडते, पण गळा ज्याचा त्याचा. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर न ओरडता लागला पाहिजे, एवढंच बघा.

रेडीमेड साचा हवा असेल तर

चाल सुचतच नसेल, फक्त शब्दांचा सराव करायचा असेल तर अभंगाइतका चांगला साचा नाही. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. इथे मात्रा नाही, नुसती अक्षरं मोजायची. तुकोबांचं "सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया" बोटांवर मोजा, सहा, सहा, सहा, चार. आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं, विटेवरी-कटावरी. चौथा चरण आखूड असल्यामुळे ओळ टाळांच्या ठेक्यात टेकते. या साच्यात रोज एक ओळ करायची, विषय कुठलाही, लोकलची गर्दी, नळाचं पाणी, बॉसचा मेल. महिनाभर केलंत की कमी शब्दांत बसवायची सवय हाडात भिनते. गझलचं वेड असेल तर ते जरा थांबवा असं माझं मत आहे. वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर परत परत येणारे शब्द) सगळं एकदम सांभाळताना नवीन माणसाचं सांगायचं राहूनच जातं, मात्रा कानात बसल्या की गझलकडे जरूर जा.

दुसरा अंतरा

दुसऱ्या अंतऱ्यात बहुतेक नवीन गाणी झोपतात, कारण पहिल्यात जे सांगितलं तेच वेगळ्या शब्दांत परत सांगितलेलं असतं. काहीतरी सरकलं पाहिजे. काळ सरकवा, जागा बदला, किंवा बोलणारा माणूस बदला. मी दोन महिने अडकलो होतो, हॉस्टेल, मेस, एकटेपणा असं काय काय लिहून खोडलं. मग बाबा गुडघ्याच्या दुखण्यासाठी पुण्याला आले होते, त्यांना परत पाठवायला मी स्वारगेटला गेलो, आणि खिडकीशी उभं राहिल्यावर माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं.

बाबा आता खिडकीपाशी
मीच कोंबतो नोटा दोन
गाडी हलली, मीही चालत
बोटं माझी काचेवर
पोचलात की फोन करा

शब्द जवळजवळ तेच आहेत, माणसं बदलली. शेवटी "काचेवर"चं "करा"शी यमक तुटतं. मी ते जुळवायला गेलो होतो, पण बाबांना मी अहो-जाहो करतो, "कर" म्हणणार कसा, आणि तो एक "आ" जास्त लागतो तिथेच ऐकणाऱ्याला कळतं की आता मुलगा बोलतोय. कान यमकाची वाट बघत असतो आणि त्याऐवजी नातं कानावर येतं. म्हणून नियम शिकायचे पण अर्थ आडवा आला तर अर्थाचं ऐकायचं.

दोन अंतरे पुरे. पहिल्या गाण्यांना तिसरा लावू नका, म्युझिक पीस वगैरेचा विचार तर अजिबात नको.

कोणाला ऐकवायचं

मित्रांना रेकॉर्डिंग पाठवून "कसं वाटलं" विचारू नका, ते मस्तच म्हणणार. घरात कोणीतरी कामात असताना समोर बसून गा, कागद न बघता. स्वतःलाच न बघता आठवत नसेल तर ती ओळ कमकुवत आहे, ती पहिली खोडा. आणि मग दोन दिवस थांबून बघा ऐकणारा काय गुणगुणतो. माझ्या ताईने पोळ्या करता करता ऐकलं आणि दोन दिवसांनी "खिशात कोंबुन नोटा दोन" म्हणत होती. मी आधी "दाबुन" लिहिलं होतं, "कोंबुन" तिनेच चुकून म्हटलं, आणि तेच बरोबर होतं. लोक चुकीचं आठवतात तेव्हा बऱ्याचदा ते ओळीची दुरुस्ती करत असतात, रागावू नका, लिहून घ्या.

नेम लावून घ्या

सुचेल तेव्हा लिहू म्हणणाऱ्याला फार कमी सुचतं. गीतरामायण आठवा, १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवीन गाणं जायचं, गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाल लावायचे, आणि वर्षापेक्षा थोड्या जास्त काळात ५६ गाणी झाली. एवढ्या मोठ्या माणसांना पण ठरलेला दिवस होता. तुम्ही पंधरा दिवसांना एक धरा. कुणीतरी एक जण शोधा ज्याला दर दुसऱ्या रविवारी रात्री नवीन गाणं पाठवायचंच, कच्चं असलं तरी. अर्धवट सोडलेल्या वीस मुखड्यांपेक्षा पूर्ण केलेलं एक साधं गाणं जास्त शिकवतं, कारण शेवट कसा करायचा हे शेवट केल्याशिवाय कळतच नाही.

दुसऱ्यांच्या चालीवर शब्द बसवणं हा पण उत्तम सराव आहे. आवडती चाल घ्या, आधी "ला ला" करून तिचे आघात टिपा, मग निरर्थक डमी शब्द टाका, मग खरे. फक्त ते घरात ठेवा, अपलोड करू नका, चाल दुसऱ्याची आहे.

नाव आणि हक्क

हे रुक्ष वाटेल पण आधीच माहीत हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही वेगळी कृती, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं. शब्द लिहिलेत की हक्क आपोआप तुमचा, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, आणि तो हयातभर व नंतर ६० वर्षं राहतो. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बराच पक्का झाला, सिनेमासाठी गाणं दिलं तरी तो वाटा निर्मात्याच्या नावावर लिहून देता येत नाही. ती रॉयल्टी गोळा करून वाटायचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी म्हणजे आयपीआरएस करते, तुमचं गाणं बाहेर वाजायला लागलं की तिथे मेंबर व्हा.

माझं एक गाणं एका अल्बमसाठी तोंडी बोलण्यावर दिलं होतं, बाहेर आलं तेव्हा गीतकाराच्या जागी दुसरंच नाव होतं. दाखवायला माझ्याकडे एक मेसेजसुद्धा नव्हता. फार लागलं ते, वर्षभर काही लिहिलं नाही. तेव्हापासून शब्द देण्याआधी एक मेल करतो, पूर्ण शब्द, तारीख, गीतकार म्हणून नाव कसं छापायचं आणि पैसे किती. समोरच्याने "ओके" लिहिलं की मगच चाल ऐकायची. ओळखीतल्या माणसालाही हा मेल करा, मैत्री टिकायला मदतच होते.

पहिल्यांदा गायचं कुठे तर सगळ्यात सोपं म्हणजे गणपतीतला सोसायटीचा कार्यक्रम आणि कॉलेजच्या एकांकिका. फिरोदिया करंडकासारख्या कॉलेजांच्या स्पर्धांत एकांकिका बसवणाऱ्या पोरांना नवीन गाणी सतत लागतात, तिथे जाऊन "मी लिहितो" एवढं सांगा, आठवड्यात काम हातात पडतं आणि लोकांसमोर वाजतं. पुण्या-मुंबईत ओपन माइक आहेतच, परदेशात असाल तर महाराष्ट्र मंडळं आहेत. स्टुडिओत पैसे घालायची घाई करू नका, फोन टेबलावर ठेवून पंखा बंद करून केलेलं रेकॉर्डिंग पहिल्या वर्षाला पुरतं.

आणि फोनमधल्या त्या तुकड्यांना नीट नावं द्या. "रेकॉर्डिंग ४७" असं राहिलं की सहा महिन्यांनी काही सापडत नाही. मी तारीख, ठेका, सा कुठला आणि पहिले दोन शब्द असं लिहितो: "१२ जून, केरवा, काळी एक, पोचलास की". त्यात मागे कंडक्टरची बेल वाजलेली ऐकू येते, चाल विसरली की मी अजून तीच फाईल लावतो.